भाड्याचा पहिला आकडा

विमानभाडे वाढले की त्याविषयीची चर्चा बहुधा दोनच वाटांनी जाते. एक वाट सरकारकडे वळते आणि भाड्यावर कमाल मर्यादा घालण्याची मागणी करते. दुसरी प्रवाशाकडे वळते आणि बजेट विमान कंपनी निवडा, तिकीट लवकर काढा, आठवड्याच्या मधल्या दिवशी निघा असा सल्ला देते. दोन्ही चर्चांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की पडद्यावर दिसणारे भाडे म्हणजेच प्रवासाची किंमत. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या दोन गोष्टींमध्ये बरेच अंतर पडले आहे आणि सुट्टीवर निघालेल्या प्रवाशाला ते सर्वांत जास्त जाणवते. कारण त्याच्याजवळ सामान असते, बरोबर कुटुंब असते आणि तिकिटाचे पैसे स्वतःच्या खिशातून जात असतात. माझे म्हणणे असे आहे की भाडे वाढले यापेक्षा भाड्यांची सरळ तुलना करता येत नाही, हा अधिक गंभीर सार्वजनिक प्रश्न आहे. आणि बजेट विमानसेवेचा खरा लाभ लोकांच्या पदरात पडायचा असेल, तर कायद्याने आधी या तुलनेची सोय केली पाहिजे.

भाडेवाढीची कारणे पाहिली तर त्यांतील बरीचशी खरी आहेत, हे मान्य करावे लागते. विमान कंपनीच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा साधारणपणे पाव ते एक तृतीयांश असतो, त्यामुळे तेलाच्या भावातला चढउतार तिकिटापर्यंत पोहोचतोच. पण अलीकडच्या वाढीमागे इंधनाइतकेच महत्त्वाचे कारण म्हणजे विमानांचा तुटवडा. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधील दोन भीषण अपघातांनंतर बोइंग ७३७ मॅक्स हे विमान जगभर जवळपास वीस महिने जमिनीवर राहिले. जानेवारी २०२४ मध्ये याच मालिकेतील एका विमानाच्या भिंतीचा दरवाजाएवढा तुकडा उड्डाणात निखळून पडल्यावर अमेरिकी नियामकाने त्याच्या उत्पादनावर मासिक मर्यादा घातली. दुसरीकडे एअरबसच्या नव्या ए-३२० मालिकेला लागणाऱ्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांचे काही भाग ज्या धातूच्या भुकटीपासून बनवले होते, तिच्यात २०२३ मध्ये दोष आढळला आणि शेकडो विमाने तपासणीसाठी उभी करावी लागली. फेब्रुवारी २०२२ पासून रशियाचे आकाश अनेक देशांच्या कंपन्यांना बंद झाले आणि युरोप व पूर्व आशिया यांच्यामधली उड्डाणे तासातासांनी लांबली. महासाथीनंतर प्रवासी परतले तेव्हा त्यांना न्यायला पुरेशा जागा नव्हत्या, आणि जागा कमी व मागणी जास्त असली की भाडे वाढणारच.

या सगळ्यात एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. विमानांच्या तुटवड्याचा सर्वांत मोठा फटका बजेट कंपन्यांना बसला, आणि तो त्यांच्या स्वस्ताईच्या मुळाशी असलेल्या तत्त्वामुळेच बसला. ताफ्यात एकाच जातीचे विमान ठेवायचे, म्हणजे वैमानिकांचे प्रशिक्षण, सुटे भाग, देखभाल हे सारे एकाच प्रकारचे राहते आणि खर्च वाचतो, हे या व्यवसायातले जुने शहाणपण. परंतु त्याच एका विमानात किंवा त्याच एका इंजिनात दोष निघाला की अख्खा ताफा अडचणीत येतो. भारतातील गो फर्स्ट ही कंपनी मे २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा तिने दोष प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांना दिला होता. अमेरिकेतील स्पिरिट एअरलाइन्सने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्या अडचणींची कारणे अनेक होती, पण उभी राहिलेली विमाने हे त्यांतील एक होते. म्हणजे ज्या काळात स्वस्त पर्यायाची गरज सर्वाधिक होती, त्याच काळात तो पर्याय सर्वांत दुबळा झाला होता.

बजेट कंपनी दुबळी झाली तर तिच्याने कधीच प्रवास न करणाऱ्यानेही चिंता का करावी? याचे उत्तर या व्यवसायाच्या इतिहासात आहे. १९७८ पर्यंत अमेरिकेत राज्यांच्या सीमा ओलांडणाऱ्या उड्डाणांची भाडी सरकारी मंडळ ठरवत असे. भाडे ठरलेले असल्यामुळे कंपन्या जेवण, मद्य आणि आसनांच्या ऐसपैसपणात स्पर्धा करीत. मात्र एकाच राज्याच्या आत उडणाऱ्या कंपन्यांना हे मंडळ लागू नव्हते, आणि कॅलिफोर्नियात १९४९ पासून उडणाऱ्या पॅसिफिक साउथवेस्टने तेवढ्याच अंतरासाठी मंडळाच्या भाड्यापेक्षा किती तरी कमी भाडे आकारून धंदा चालतो हे दाखवून दिले. तिचाच कित्ता टेक्सासमध्ये साउथवेस्टने १९७१ पासून गिरवला. पुढे नियंत्रण उठले, साउथवेस्ट देशभर पसरली आणि १९९३ मध्ये अमेरिकेच्या परिवहन खात्यानेच ‘साउथवेस्ट परिणाम’ असा शब्दप्रयोग केला: ही कंपनी एखाद्या मार्गावर आली की त्या मार्गावरची सगळ्यांचीच भाडी उतरतात आणि प्रवाशांची संख्या वाढते. युरोपात १९९७ मध्ये खुलेकरण पूर्ण झाल्यावर रायनएअर आणि ईझीजेट यांनी हेच घडवून आणले. महागाई वजा करून पाहिले तर अमेरिकेतील सरासरी भाडे नियंत्रण उठले त्या वेळेच्या जवळपास निम्म्यावर आले आहे. तेव्हा बजेट कंपनीचा फायदा तिच्या प्रवाशांपुरता मर्यादित नसतो; शेजारच्या महागड्या विमानात बसलेल्यालाही तो मिळत असतो, फक्त त्याला त्याची जाणीव नसते.

प्रस्थापित कंपन्यांनी या आव्हानाला दिलेले उत्तरही आजच्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे. १९८१ मध्ये सुरू झालेल्या पीपल एक्स्प्रेसने अमेरिकेत इतकी कमी भाडी ठेवली की मोठ्या कंपन्यांना खर्चाच्या बाबतीत तिच्याशी बरोबरी करणे शक्यच नव्हते. तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सने १९८५ मध्ये वेगळाच मार्ग काढला. विमानातील काही जागा, ज्या एरवी रिकाम्याच राहिल्या असत्या, त्या लवकर तिकीट काढणाऱ्या सुट्टीच्या प्रवाशांना पीपल एक्स्प्रेसच्या भाड्यात विकायच्या, आणि उरलेल्या जागा ऐन वेळी निघणाऱ्या कामाच्या प्रवाशांसाठी जपून त्यांच्याकडून जास्त भाडे घ्यायचे. कोणत्या उड्डाणात किती जागा कोणत्या दराने सोडायच्या हे संगणक ठरवू लागला. पीपल एक्स्प्रेसजवळ अशी यंत्रणा नव्हती. १९८७ पर्यंत ती दुसऱ्या कंपनीत विरून गेली. एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे भाडे दिलेले असणे हा प्रकार तेव्हापासून रुळला, आणि आज बजेट कंपन्याही तेच तंत्र वापरतात.

हे तंत्र प्रवाशाला विचारते ते एवढेच, की तुला तारीख बदलता येईल का. ज्याला बदलता येते त्याला स्वस्त जागा मिळते, ज्याला येत नाही त्याच्याकडून जास्त घेतले जाते. १९८० च्या दशकात सुट्टीचा प्रवासी पहिल्या गटात होता आणि कामाचा प्रवासी दुसऱ्या. आज शाळेत जाणारी मुले असलेल्या कुटुंबाची अवस्था पाहिली तर ते सुट्टीवर निघालेले असूनही दुसऱ्या गटात जाऊन बसले आहे. शाळा ज्या दिवशी सुटते त्यानंतरच त्यांना निघता येते आणि ती ज्या दिवशी उघडते त्याआधी परतावे लागते. आणि त्याच तारखांना आणखी लाखो कुटुंबे निघालेली असतात. अशा कुटुंबाला ‘लवचीक राहा’ असा सल्ला देणे म्हणजे त्याच्या हातात नसलेली गोष्ट त्याच्याकडे मागणे होय. त्यामुळे भाडेवाढीवर सरकारने काय करावे असा प्रश्न येतो तेव्हा मला भाड्याच्या मर्यादेपेक्षा शाळांचे वेळापत्रक अधिक महत्त्वाचे वाटते. जर्मनीत उन्हाळी सुट्टीच्या तारखा राज्यवार वेगवेगळ्या ठेवल्या जातात आणि त्या बरीच वर्षे आधी ठरवल्या जातात. नेदरलँड्समध्ये देशाचे तीन विभाग करून त्यांच्या सुट्ट्या मागेपुढे केल्या जातात. फ्रान्समध्ये हिवाळी आणि वसंतातील सुट्ट्यांसाठी तीन विभागांची पद्धत आहे. शिक्षणखात्याचा हा निर्णय विमानभाड्याविषयीच्या चर्चेत क्वचितच येतो, पण गर्दीचे शिखर पसरट करण्याचा याहून कमी खर्चाचा उपाय माझ्या पाहण्यात नाही.

आता बजेट कंपनी निवडण्याच्या प्रश्नाकडे वळू. तिची स्वस्ताई दोन अगदी भिन्न प्रकारांनी तयार होते आणि त्यांची गल्लत केल्यामुळेच या विषयावरची बरीच मते एकतर भाबडी किंवा तुच्छतेची होतात. पहिला प्रकार खऱ्या बचतीचा आहे. १९७२ मध्ये पैशाच्या अडचणीमुळे साउथवेस्टला चारपैकी एक विमान विकावे लागले, तरी वेळापत्रक चार विमानांचेच ठेवायचे होते. म्हणून उतरलेले विमान दहा मिनिटांत पुन्हा उडवण्याची पद्धत तिने बसवली. विमान जमिनीवर उभे असताना कमाई करीत नाही, हा त्यातला साधा हिशेब. आजही अनेक बजेट कंपन्या अर्ध्या तासाच्या आत विमान पुन्हा सोडतात आणि एकाच विमानाकडून दिवसाला जास्त फेऱ्या करून घेतात. आसने दाटीने बसवल्यामुळे तेवढ्याच इंधनात अधिक माणसे जातात. तिकीट स्वतःच्या संकेतस्थळावर विकल्यामुळे दलाली वाचते. ही बचत कोणाच्या खिशातून काढलेली नाही. ती कामाच्या पद्धतीतून आली आहे आणि म्हणून ती समाजाच्या दृष्टीने निखळ फायद्याची आहे.

दुसरा प्रकार खर्च सरकवण्याचा आहे. पॅरिसच्या नावाने विकल्या जाणाऱ्या तिकिटावरचे बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे; फ्रँकफुर्ट-हान फ्रँकफुर्टपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास; स्टॉकहोमचे स्काव्स्ता शंभर किलोमीटरवर. विमान कंपनीला तेथे कमी शुल्क पडते आणि तिच्या भाड्यात ते दिसते, पण उरलेल्या अंतराची बस, तिचे भाडे आणि तिच्यात जाणारे दोन तास प्रवाशाच्या नावावर पडतात. सामानाचे, आसन निवडण्याचे, काउंटरवर बोर्डिंग पास छापून घेण्याचे शुल्क याच जातीचे. त्यांतले काही योग्यही आहेत, कारण पाठीवरच्या एका पिशवीनिशी निघालेल्याने दुसऱ्याच्या चार बॅगांचा भार का उचलावा, या प्रश्नाला चांगले उत्तर नाही. पण आसन निवडीच्या शुल्काचा बराचसा भाग कुटुंबाला वेगवेगळे बसवले जाण्याच्या भीतीतून वसूल होतो, आणि तेथे कंपनीची कोणतीही सेवा वाढलेली नसते.

या दोन प्रकारांचा परिणाम प्रत्येक प्रवाशावर वेगळा होतो. केवळ समजण्यासाठी एक हिशेब मांडतो. समजा बजेट कंपनीचे मूळ भाडे १०० आहे आणि सामानासह पूर्ण सेवा देणाऱ्या कंपनीचे १५०. बजेट कंपनीत बॅगेचे ३०, आसन निवडण्याचे १० आणि दूरच्या विमानतळावरून शहरात येण्याचे २० पडतात. एकटा, हलक्या पिशवीनिशी निघालेला प्रवासी बसच्या खर्चासह १२० मध्ये पोहोचतो, त्याला ३० ची बचत होते. एकच बॅग वाटून घेणारे आणि वेगवेगळे बसायला तयार असलेले दोघे २७० मध्ये पोहोचतात, तर दुसऱ्या कंपनीने त्यांना ३०० लागले असते. पण प्रत्येकी एक बॅग घेतलेले, एकत्र बसू इच्छिणारे चौघांचे कुटुंब बजेट कंपनीने ६४० खर्च करते आणि दुसऱ्या कंपनीने ६००. तीच कंपनी, तेच उड्डाण. एकाला पंचमांश स्वस्त आणि दुसऱ्याला महाग. म्हणून ‘बजेट कंपनी घ्यावी का’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही, आणि जो ते देतो त्याने स्वतःच्याच बॅगेकडे पाहून दिलेले असते.

पैशाखेरीज दोन गोष्टी हिशेबात धरायला हव्यात. पहिली उशिराची. विमान दिवसभर थोड्या थोड्या विश्रांतीने उडत राहिल्यामुळे सकाळी झालेला अर्ध्या तासाचा उशीर भरून निघायला वाव नसतो आणि तो प्रत्येक फेरीबरोबर पुढे ढकलला जातो. संध्याकाळच्या शेवटच्या उड्डाणाला तो सगळा साचून मिळतो, आणि ते रद्द झाले तर त्या रात्री दुसरा पर्याय नसतो. बजेट कंपनीचे सकाळचे पहिले उड्डाण आणि रात्रीचे शेवटचे उड्डाण या व्यवहारात जवळपास दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरी गोष्ट जोडप्रवासाची. बहुतेक बजेट कंपन्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेतात आणि तेथे त्यांची जबाबदारी संपते. दोन स्वतंत्र तिकिटे जोडून प्रवास आखला आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसरे तिकीट बुडते; मध्ये बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करावे लागते, आणि परदेशातील विमानतळावर त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. थेट, कमी अंतराचे, सकाळचे उड्डाण आणि हलके सामान असेल तर बजेट कंपनी हाच शहाणा पर्याय आहे. दुसऱ्या दिवशी गाठायचे जहाज किंवा समारंभ असेल, किंवा वाटेत विमान बदलायचे असेल, तर जास्तीचे भाडे म्हणजे एक प्रकारचा विमाच समजावा.

सुरक्षिततेची शंका अनेकांच्या मनात असते, तिला फारसा आधार नाही. देखभालीचे नियम, वैमानिकांचे परवाने आणि तपासण्या कंपनीचे भाडे पाहून बदलत नाहीत. १९८५ पासून उडणाऱ्या रायनएअरच्या विमान अपघातात आजवर एकाही प्रवाशाचा मृत्यू झालेला नाही.

एवढा हिशेब प्रवाशाने करावा अशी अपेक्षा असेल, तर तो करण्यासाठी लागणारे आकडे त्याच्यासमोर एकाच वेळी असायला हवेत. ते नसतात, आणि हा अपघात नाही. तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर सर्वांत कमी मूळ भाडे सर्वांत वर दिसते. त्यामुळे जी कंपनी सामान भाड्यात धरते ती यादीत खाली घसरते, आणि जी ते वेगळे काढते ती वर चढते. प्रामाणिक राहण्याची शिक्षाच ती. २००८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्या बॅगेला पंधरा डॉलर आकारायला सुरुवात केली, तेव्हा बहुतेक मोठ्या कंपन्या तिच्या मागोमाग गेल्या. साउथवेस्ट मात्र दोन बॅगा फुकट नेण्याच्या धोरणावर पुढची सतरा वर्षे टिकून राहिली, आणि मे २०२५ मध्ये तिनेही ते सोडले. स्वतः स्वस्त प्रवासाची वाट पाडणाऱ्या कंपनीला हे करावे लागते, तेव्हा दोष एका कंपनीच्या हावेत शोधून भागत नाही. भाडे दाखवण्याच्या पद्धतीनेही तिला तिकडे ढकलले असावे.

कायद्याने या बाबतीत काही पावले टाकली आहेत. युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमाने कर आणि अटळ शुल्के धरूनच भाडे दाखवणे बंधनकारक केले. अमेरिकेत तसा नियम जानेवारी २०१२ पासून लागू झाला. त्याआधी कराशिवायचे भाडे मोठ्या अक्षरांत छापण्याची चाल होती, ती यामुळे मोडली. पण बॅग ‘अटळ’ नाही, म्हणून ती या नियमातून निसटली. अमेरिकेच्या परिवहन खात्याने एप्रिल २०२४ मध्ये बॅगेची आणि तिकीट बदलण्याची शुल्के सुरुवातीलाच दाखवण्याचा नियम काढला. विमान कंपन्या न्यायालयात गेल्या आणि जुलैमध्ये त्याची अंमलबजावणी थांबली. युरोपच्या न्यायालयाने २०१४ मध्ये व्युएलिंग या स्पॅनिश विमान कंपनीच्या खटल्यात असे म्हटले की चेक-इन बॅगेला वेगळे शुल्क घेता येईल, पण वाजवी आकाराची आणि वजनाची हातातली बॅग प्रवासाचा आवश्यक भाग आहे. ‘वाजवी’ म्हणजे किती, हे मात्र त्यात ठरले नाही, आणि त्यानंतर कंपन्यांनी हातातल्या बॅगेचे मोफत माप आक्रसत नेले. स्पेनच्या ग्राहक मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच कंपन्यांना मिळून सुमारे १७ कोटी ९० लाख युरोंचा दंड ठोठावला, तो मुख्यतः याच कारणासाठी. कंपन्यांनी त्याला आव्हान दिले.

जून २०२५ मध्ये युरोपीय संसदेच्या परिवहन समितीने एक छोटी वस्तू आणि सात किलोंपर्यंतची हातातली बॅग विनाशुल्क असावी या बाजूने मत दिले. ग्राहकांच्या संघटनांना ते आवडले आणि त्यांचा हेतू मला समजतो. तरी हा उपाय मला पटत नाही. बॅग सर्वांना फुकट केली की तिचा खर्च सर्वांच्या मूळ भाड्यात जातो, आणि बॅग न नेणारा, बहुधा कमी पैशात प्रवास करणारा, दुसऱ्याच्या बॅगेसाठी पैसे भरू लागतो. शुल्क वेगळे काढणे चूक नाही. ते झाकून ठेवणे चूक आहे. त्यापेक्षा नियम असा हवा की भाडे शोधतानाच प्रवाशाने किती माणसे, किती बॅगा आणि एकत्र बसायचे की नाही हे सांगावे, आणि प्रत्येक कंपनीने, तसेच प्रत्येक तुलना संकेतस्थळाने, त्या उत्तरांनुसार येणारी पूर्ण रक्कम पहिल्याच यादीत दाखवावी व त्याच रकमेनुसार क्रम लावावा. कंपन्यांजवळ हे सारे आकडे असतातच. शेवटच्या पानावर ते बिनचूक निघतात, तेव्हा पहिल्या पानावर निघू शकत नाहीत असे म्हणायला जागा नाही. लहान मुलाला त्याच्या पालकाशेजारी बसवण्याचे शुल्क मात्र सरळ बंद करावे, कारण तेथे निवड अशी काही नसतेच.

भाड्यावर कमाल मर्यादा घालण्याच्या मागणीकडे आता परत येतो. भारतात मे २०२० पासून ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत देशांतर्गत भाड्यांवर मर्यादा होत्या, आणि त्या नुसत्या वरच्या नव्हत्या, खालच्याही होत्या. ठरावीक रकमेच्या खाली भाडे नेऊ नये, म्हणजे दुबळ्या कंपन्या टिकतील, असा त्यामागचा विचार. महासाथीसारख्या काळात तो समजण्यासारखा असला, तरी त्यातून दिसते ते हे की सरकार एकदा भाडे ठरवायला बसले की प्रवाशाबरोबर कंपनीचेही हित पाहू लागते आणि स्वस्त विकू पाहणाऱ्याचे हात बांधते. १९७८ पूर्वीच्या अमेरिकेतही नेमके हेच झाले होते. पूर, युद्ध किंवा अचानक ठप्प झालेली सेवा अशा वेळी अडकलेल्या लोकांची लूट होऊ नये म्हणून काही दिवसांची मर्यादा मी योग्य मानेन. सुट्टीच्या हंगामासाठी नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. विमानप्रवास स्वस्त असावाच का? विमाने जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे अडीच टक्के करतात आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनावर जवळपास कोठेही कर नाही. युरोपात २०२५ पासून विमानाच्या इंधनात दोन टक्के शाश्वत इंधन मिसळणे सक्तीचे झाले आहे, २०३० मध्ये ते सहा टक्के होईल, आणि हे इंधन साध्यापेक्षा किती तरी महाग आहे. त्यामुळे भाडे काही प्रमाणात वाढत जाणार आणि ते वाढणे न्याय्यही आहे. पण तेवढ्याने तुलनेचा मुद्दा बाद होत नाही. उलट प्रत्येक वाढीचे खापर पर्यावरणावर फोडून त्याआड शुल्के वाढवण्याची सोय राहू नये, यासाठी रकमा स्पष्ट असण्याची गरज वाढते.

स्वस्त कंपनी निवडणाऱ्याला दुसरी भीती असते ती कंपनी बुडण्याची. २ ऑक्टोबर २०१७ रोजी ब्रिटनची मोनार्क बंद पडली तेव्हा सुमारे एक लाख दहा हजार प्रवासी परदेशात होते आणि त्यांना सरकारी यंत्रणेने विमाने भाड्याने घेऊन परत आणले. २०१८ च्या ऑक्टोबरात प्रिमेरा आणि मार्च २०१९ मध्ये आइसलँडची वॉव अशाच एकाएकी थांबल्या. ब्रिटनमध्ये सहलींच्या पॅकेजसाठी १९७३ पासून एक संरक्षण योजना आहे, जिच्यासाठी प्रत्येक प्रवाशामागे अडीच पौंड घेतले जातात. मात्र थेट विमान कंपनीकडून नुसते तिकीट घेतले तर ती लागू होत नाही. म्हणजे स्वतः शोधून स्वस्त तिकीट काढणारा, जो सर्वांत सावध, तोच सर्वांत उघडा. एवढ्याशा रकमेत मिळणारे हे संरक्षण सर्व तिकिटांना लागू न करण्याचे समर्थन मला सापडत नाही. तसे झाले तर नव्या, छोट्या कंपनीचे तिकीट काढायला लोक कचरणार नाहीत, आणि प्रस्थापितांना धाक देणारा स्पर्धक टिकेल.

उड्डाण रद्द झाल्यावरच्या हक्कांचेही तसेच. युरोपात २००४ च्या नियमानुसार अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो भरपाई मिळते, आणि ती तिकिटाच्या किमतीवर अवलंबून नसल्यामुळे स्वस्त कंपन्या तिच्यावर नाराज असतात. जून २०२५ मध्ये सदस्य देशांच्या मंत्र्यांनी भरपाईसाठीची उशिराची अट तीन तासांवरून, अंतराप्रमाणे, चार किंवा सहा तासांवर नेण्याचा प्रस्ताव मान्य केला. संसदेचा त्याला विरोध आहे. पण रात्रभर विमानतळावर बसावे लागलेल्याचा त्रास त्याने तिकिटाला किती मोजले यावर ठरत नाही, आणि तीन तासांची अट हीच कंपनीला वेळापत्रकात थोडी सैलसर जागा ठेवायला लावते.

या साऱ्या मांडणीचा आधार असा, की एका वेळी एका उड्डाणाचे, एका प्रकारच्या तिकिटाचे भाडे सर्वांना एकच दिसते आणि म्हणून त्याची तुलना करता येते. तो आधारही आता हलू लागला आहे. २०२५ मध्ये अमेरिकेतील डेल्टाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने भाडी ठरवण्याचा विस्तार करणार असल्याचे सांगितले, तेव्हा तेथील सिनेटरांनी विचारणा केली; व्यक्तीची खासगी माहिती पाहून भाडे ठरवत नाही, असे कंपनीने स्पष्ट केले. हे उत्तर मान्य केले तरी असे करण्याला बंदी घालणारा स्पष्ट नियम असल्याशिवाय कोणत्याही कंपनीचे आजचे आश्वासन उद्या टिकेलच असे नाही. एकदा भाडे माणसागणिक बदलू लागले की शेजाऱ्याला, मित्राला किंवा तुलना संकेतस्थळाला दिसलेला आकडा आपल्या उपयोगाचा राहणार नाही, बजेट कंपनीने खाली आणलेले भाडे, जो जास्त द्यायला तयार आहे त्याच्यापुरते वर ठेवता येईल, आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ ज्या परिणामाने सगळ्यांची भाडी उतरवली तो घडणेच थांबेल. भाड्याचा पहिला आकडा पूर्ण असावा हा नियम करताना तो सर्वांसाठी सारखा असावा हेही त्याच कलमात लिहून घेतले पाहिजे.